भिंगरीची करपलेली झडप

इंजिन बंद होतं, पंखाही हलत नव्हता. तरी धुराच्या नळीला कान लावला की आतून बारीक फुस्स ऐकू यायचं. बंद इंजिन श्वास कसं घेईल?

त्या फुस्सपेक्षा मला रणदिवेकाकांचा राग आला होता. ते आमच्या धावपट्टीचे प्रमुख. सगळ्यांदेखत म्हणाले, "बाईंनी दामटून दामटून इंजिनाची वाट लावली. आता भिंगरी दुसऱ्या कुणाला तरी देतो."

बाई म्हणजे माझी वसुधाआत्या आणि भिंगरी म्हणजे ती चालवते ते छोटं विमान. सातपुड्याच्या दऱ्यांतल्या वाऱ्यात ड्रोन भरकटतात, म्हणून पाड्यांवर सर्पदंशाचं औषध आत्याच नेते. यंदा पावसाळाभर तिचा पाय प्लास्टरमध्ये होता. पाय बरा झाल्यावर, उडण्याआधी तपासणी करताना हे फुस्स निघालं. पावसाळाभर तिने विमानाला हातही लावला नाही, तरी खापर तिच्याच डोक्यावर.

"आत्या, तू बोलत का नाहीस?"

"काजव्याला बोलू दे, शलाका."

काजवा म्हणजे आमचा तपासनीस रोबो. करंगळीएवढा, डोक्यावर दिवा, स्वभावाने फटकळ. आत्याने स्पार्क प्लग काढला आणि त्या भोकातून तो सिलिंडरमध्ये (इंधन जळतं त्या नळकांड्यात) उतरला.

"तपासणीत आत्याने इथे हवा भरली होती," तो आतून म्हणाला. "दोन्ही झडपा मिटलेल्या आहेत, म्हणजे हवा आतच राहायला हवी होती. पण ती धुराच्या नळीतून निसटत होती. मग चोर कोण?"

"एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळका वायू बाहेर सोडणारी झडप)," मी म्हणाले.

काजव्याच्या कॅमेऱ्यातून पडद्यावर झडप दिसली. पेल्याच्या बुडाएवढी गोल चकती. चांगल्या झडपेवर रंगांची वलयं सगळीकडून सारखी असतात. हिची एक कड हिरवट, करपलेली होती.

"बघा, दामटलंच आहे," काका म्हणाले.

"ऐकून तर घ्या," काजवा म्हणाला. "झडप सतत धगीत असते. ती निवते कधी? मिटून बैठकीवर, म्हणजे भोकाच्या काठावर, घट्ट टेकते तेव्हा. गरम वाटी फरशीवर ठेवली की निवते, तसं. हिच्या दांड्यावर काजळी साचली आहे. दांडा अडकतो, झडप तिरकी बसते. जी कड टेकत नाही ती निवत नाही, मग करपते. तिथूनच हवा निसटते."

"काजळी दामटल्यानेच धरते."

"उलट. उडताना इंजिन नीट तापतं आणि बरीच काजळी जळून जाते. जमिनीवर उभं करून संथ चालवलं की साचते."

माझं डोकं भणभणलं. पावसाळाभर रोज सकाळी भिंगरीला हार घालून, उदबत्ती ओवाळून, 'गंजू नये बिचारी' म्हणत थोडा वेळ इंजिन सुरू कोण ठेवत होतं?

"काका, ते तुम्हीच करत होता. आणि नाव आत्याचं घेता?"

"शलाका, हळू," आत्या म्हणाली. पण तिने मला थांबवलं नाही.

काकांचा चेहरा पडला. "अगं, वडिलांचा ट्रक मी असाच जपला होता."

"एवढ्याशा वेळात तेलातला दमटपणा जात नाही," काजवा म्हणाला. "म्हणजे गंजाची सोयही तुम्हीच केलीत."

नशीब, झडप फार करपली नव्हती. आत्याने दांडा साफ केला, घासायचा लेप लावून झडप बैठकीवर फिरवून फिरवून नीट बसवली, लेप पुसून काढला आणि पुन्हा हवा भरली. मी नळीला कान लावला. काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका हार घेऊन आले. उदबत्ती ओवाळली. सवयीने हात किल्लीकडे गेला आणि थांबला. त्यांनी किल्ली आत्याच्या हातात दिली. "उडणार असाल तरच फिरवा."

"आणि सगळ्यांदेखत बोललात त्याचं काय?" मी विचारलं.

काकांनी सगळ्यांना बोलावून घेतलं. "इंजिन मी बिघडवलं," ते म्हणाले. "बाईंनी नाही."

आत्या औषधाची पेटी घेऊन चढली. काजवा म्हणाला, पुढे त्याची भावंडं इंजिनातच राहतील आणि झडप करपण्याआधीच सांगतील. तसं झालं तर बरंच. पण नळीला कान न लावताच माणसावर आळ घेणाऱ्यांना कोण सांगणार?

भिंगरी डोंगरापलीकडे गेली. माझा राग उतरायला मात्र संध्याकाळ झाली.