शलाका इंगवलेचा ठसा

चातुर्मासात मुहूर्त नसल्यामुळे कऱ्हाडचं ते मंगल कार्यालय रिकामं होतं. वधूपक्षाच्या खोलीत चित्रीकरणाचे दिवे उभे केले होते. जेवणाच्या हॉलमध्ये, एकावर एक रचलेल्या खुर्च्यांच्या शेजारी, निहाल मुजावर लॅपटॉप उघडून बसला होता. पडद्यावर एकच आकडा होता. एक्क्याण्णव.

"अडकलं," तो म्हणाला. "चाळीसच्या खाली यायला पाहिजे, ताई."

शलाका इंगवलेने मान डोलावली. तो आकडा तिचाच होता.

तिने चौदा वर्षं रोजच्या मालिकांचे संवाद लिहिले होते. ते सगळे भाग वाहिनीने एका यंत्रणेला शिकवले आणि त्यातून तिचा लेखनठसा तयार झाला. ठसा शब्द मोजत नव्हता. विचारलेला प्रश्न आणि मिळालेलं उत्तर यांत किती अंतर पडतं, माणूस कुठे गप्प होतो, राग आला की कोणत्या वस्तूला हात लावतो, हे तो ओळखायचा आणि तसंच नवं लिहायचा. करारानुसार ठसा वाहिनीच्या मालकीचा होता. जूनमध्ये वाहिनीने लेखकांना कळवलं की यापुढे मालिका ठसेच लिहितील, श्रेयनामावलीत नावं मात्र लेखकांचीच राहतील. दुसऱ्या दिवशी लेखकांनी काम बंद केलं. मालिका एक दिवसही बंद पडल्या नाहीत.

संपाच्या चौथ्या आठवड्यात निहालने शलाकाला फोन केला. तो तिच्या दोन मालिकांचा दिग्दर्शक होता. आपणच एक वेब सिरीज करू, असं त्याने सुचवलं. कार्यालय त्याच्या वर्गमित्राचं होतं आणि नट गावातल्या हौशी नाट्यमंडळाचे. कथा होती कार्यालयाच्या व्यवस्थापकाची आणि सासर सोडून परत आलेल्या त्याच्या मुलीची. दुसऱ्यांची लग्नं लावता लावता दोघांना एकमेकांशी बोलायचं होतं. अडचण एकच होती. व्हिडिओ दाखवणारी प्रत्येक सेवा आधी ठसा तपासायची. चाळीस टक्क्यांहून जास्त जुळलं तर ते लेखन वाहिनीचं धरलं जायचं आणि भाग दिसतच नसे.

पहिल्या दृश्यात बाप मुलीला विचारतो, "सासरी सांगून आलीस का?" मुलगी भांड्यांच्या खोलीत उभी असते. ती म्हणते, "अण्णा, ह्या पातेल्यांना कल्हई कधी केली होती?"

यंत्रणेने नेमकं हेच उत्तर लाल केलं होतं.

शलाकाला ते कुठून आलं हे ठाऊक होतं. तिचे वडील गेले त्या आठवड्यात नातेवाईक तिच्या आईला विचारत होते, आता पुढे कसं करणार. आईने प्रत्येकाला एकच विचारलं होतं, भाजीत मीठ बरोबर आहे ना. शलाकाच्या मालिकांतली सगळी माणसं आईसारखी बोलत. अडचणीच्या प्रश्नावर ती घरातल्या कामाबद्दल विचारत, आणि तेच त्यांचं उत्तर असे.

"एक सुचवू?" निहाल म्हणाला. "चढवायचंच नाही कुठे. खुर्च्या आहेत, पडदा आहे. इथेच दाखवू. मग सांगलीला, मग साताऱ्याला. चातुर्मासात कार्यालयं कुठेही रिकामीच असतात. आणि कार्यालयात कोण ठसा तपासणार? फार तर आहेर आणलाय का ते विचारतील."

शलाका हसली, पण तिला ते पटलं नाही. कार्यालयात दोनशे माणसं बघतील. तिला दोन लाखांची सवय होती. शिवाय वाहिनीला आपल्यावाचून चालतं, तसं आपल्यालाही वाहिनीवाचून चालतं, हे तिला सगळ्यांसमोर दाखवायचं होतं.

"तासभर दे," ती म्हणाली.

हे वाक्य ती चौदा वर्षं म्हणत आली होती. वाहिनीवरून सकाळी बदल यायचे. सासू जास्त वाईट करा, नायिकेला आज रडवू नका. नट मेकअप करून बसलेले असायचे आणि तासाभरात नवं दृश्य हातात पडायचं. बदल आला की का म्हणून विचारायचं नाही, करून द्यायचं, हा तिचा लौकिक होता. लाल खुणा तिने तशाच वाचल्या, वाहिनीचा निरोप वाचावा तशा.

मुलगी आता म्हणाली, "नाही अण्णा, सांगून नाही आले. मला तिथे राहायचं नाही." आकडा चौऱ्याहत्तरवर आला. तिने गप्प राहण्याच्या जागा भरून काढल्या. माणसांच्या हातांतल्या वस्तू काढून घेतल्या. दुपारी आकडा अडतीस झाला. मंडळाच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. निहालने वाजवल्या नाहीत. तो नवी पानं घेऊन मुलीचं काम करणाऱ्या नटीकडे गेला. तिने ती वाचली आणि आता इथे मी हातांचं काय करू, असं विचारलं.

दुसऱ्या भागाचं पहिलं लेखनच एकोणसाठ आलं. चौथ्याचं बेचाळीस. सहाव्या भागापासून तपासणीनंतर काही बदलावंच लागलं नाही. शलाकाला त्याचा अभिमान वाटला.

आठही भाग प्रदर्शित झाले. लोकांनी ते बरे म्हटले. एका प्रेक्षकाने लिहिलं की हे इंगवल्यांचं वाटत नाही. आईने दोन भाग पाहिले. "माणसं चांगली आहेत," ती म्हणाली. "मनात येईल ते सांगून टाकतात." त्यानंतर तिने तिसऱ्या भागाबद्दल विचारलं नाही.

संप शहात्तराव्या दिवशी मिटला. समझोत्यात लेखकांना कामावर परत घ्यायचं ठरलं होतं, पण ज्यांचं नवं लेखन स्वतःच्या ठशाशी निदान सत्तर टक्के जुळेल त्यांनाच. मालिकेचा सूर बदलायला नको, असं कारण दिलं होतं. लेखकांच्या प्रतिनिधींनीही त्याला हरकत घेतली नाही. स्वतःसारखं लिहिणं कोणाला अवघड जाणार होतं?

वाहिनीच्या कचेरीत सबनीसांनी तिला एक प्रसंग दिला आणि चहा मागवला. ते मालिकांचे प्रमुख होते, जुन्या परिचयाचे. तिने चाळीस मिनिटांत दृश्य लिहून दिलं. आकडा चौतीस आला. तिने दुसरं लिहिलं, या वेळी आठवून, माणसांच्या हातांत वस्तू देऊन, प्रश्नांना वळणं घालून. आकडा एकतीस आला.

सबनीस बराच वेळ कागद उलटसुलट करत राहिले. "शलाकाताई, वाईट नाहीये हे," ते म्हणाले. "पण हे तुमच्यासारखं लिहायचा प्रयत्न कुणीतरी केलाय, असं वाटतं."

तिने निहालला फोन लावून ते सांगितलं. नटी काय म्हणाली होती आठवतं का, एवढंच त्याने विचारलं. तिला आठवत होतं. त्या दिवशी तिने नटीला सांगितलं होतं, हात खाली सोडून उभी राहा.

साडेसातला ती घरी पोचली तेव्हा आई तिचीच मालिका बघत होती. मालिकेतली थोरली जाऊ धाकटीला विचारत होती, जमिनीच्या कागदावर सही केलीस का. धाकटी म्हणाली, "वहिनी, दूध उतू जाईल, गॅस बारीक करू का?" आई समाधानाने पुढे सरकून बसली.

"आज छान लिहिलंयस," ती म्हणाली. मालिका ठसा लिहितो हे माहीत असूनही लेकीचं नाव दिसलं की ती असंच म्हणायची. मग शलाकाच्या चेहऱ्याकडे बघून तिने टीव्हीचा आवाज कमी केला. "काय झालं गं? घेतलं का तुला परत?"

नाही, घेतलं नाही, असं सांगायला शलाकाने तोंड उघडलं.

"दूध तापवलंस का?" ती म्हणाली.

आईला जे कळायचं ते कळलं. तिने लेकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि सकाळीच तापवलंय म्हणाली.

शलाका स्वयंपाकघरात गेली. पातेल्यावर ताटली होती, दुधावर जाड साय आली होती. ती ताटली हातात धरून उभी राहिली. आत्ताचं ते वाक्य आईकडून आलं होतं, की पाच मिनिटांपूर्वी टीव्हीवरून?