धुक्यातल्या खोट्या राशी

"परत! परत उघडं टाकलं!" रान्वा फाटकाकडे धावत ओरडली. "हे पाहुणे जहाजातून उतरतात, फोटो काढतात आणि साधं फाटक लावता येत नाही यांना!"

"मेंढ्या पार वर गेल्यात," तिचा धाकटा भाऊ होग्नी धापा टाकत म्हणाला. "आजोबा गेलेत त्यांच्यामागे."

फेरो बेटांवरच्या त्या गावात उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे पाहुण्यांनी घातलेला गोंधळ निस्तरणं! दोघं वैतागून डोंगर चढू लागली. वाटेवर जुन्या लोकांनी दगडांच्या राशी रचल्या होत्या. धुक्यात राशीवरून राशीकडे जायचं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

पण आज राशी जरा जास्तच होत्या!

"थांब!" रान्वाने एका राशीवर हात फिरवला. "हिच्यावर शेवाळ कुठंय? ही नवी आहे. आणि ही ओळ चाललीय कुठे बघ... कड्याकडे!"

समोरच बोगी वाटाड्या पाहुण्यांकडून आणखी एक रास रचून घेत होता.

"बोगीकाका, मोडा ती! कुणीतरी फसेल!"

"अगं, फोटोत छान दिसतात. चार दगडांनी कुणाचं काय बिघडतंय?"

काय म्हणावं या मोठ्या माणसांना! तेवढ्यात धुकं उतरलं. शेजारचा माणूस दिसेना. आणि आजोबांची शीळ ऐकू आली, कड्याच्या बाजूने!

"आजोबा, थांबा! पुढे कडा आहे!"

"मला शिकवतेस? जन्म गेला माझा या राशींवरून चालण्यात!"

"राशीला हात लावून बघा! शेवाळ लागतंय का?"

धुक्यातून दगड चाचपल्याचा आवाज आला.

"नाही गं," आजोबांचा आवाज एकदम बारीक झाला. "नुसता उघडा दगड आहे."

"जागचे हलू नका! मी आले!"

त्याच नव्या राशी चाचपत ती त्यांच्यापर्यंत पोचली. आजोबांच्या पुढ्यात जमीन संपत होती. तिने त्यांचा हात घट्ट धरला आणि पावलापावलाने मागे आणलं.

इकडे बोगीची बोबडी वळली होती. "होग्नी, बाळा, यातल्या खऱ्या राशी कुठल्या? खाली कसं जायचं रे?"

"जा की तुमच्या राशींवरून!" होग्नी फणकारला. "नको? मग आधी मोडा. सगळ्या मोडल्या की दाखवतो वाट!"

बोगी आणि पाहुणे मुकाट्याने दगड उचलू लागले.

"शाबास रे पोरांनो!" आजोबा म्हणाले. एरवी डोंगरावर ते कुणालाही आपल्यापुढे चालू देत नसत.

"रान्वा, तू पुढे हो," ते म्हणाले. "मी तुझ्या मागून येतो."