कासारखिंडीचं दही आणि ठेंगणी गाडी

सरळ रस्त्यावर दही मोडतं आणि वळणावळणाच्या घाटात मात्र मोडत नाही, हे कसं काय?

हे कोडं सन २०५२ मध्ये, मार्गशीर्षातल्या एका शुक्रवारी सकाळी, गोदाच्या अंगणात येऊन पडलं. त्या सुमारास माणसं चंद्रावर राहायला गेली होती, घरोघरी यंत्रमानव भांडी घासत होते, आणि कासारखिंड गावातले स्पीडब्रेकर होते तिथेच होते.

गोदा अकरा वर्षांची. तिच्या वर्गात तीन गोदावऱ्या, दोन यमुना आणि एक भागीरथी होती. जुनी नावं पुन्हा आली होती. शौर्य, अन्विता वगैरे नावं आता काका-काकू मंडळींची उरली होती. गोदाचा शौर्यकाका नावाप्रमाणे शूर होता, फक्त अन्विताकाकू घरात नसेल तेव्हा.

काकू दही लावायची. मातीच्या गाडग्यात लावलेलं असं घट्ट कवडी दही, की चमचा उभा केला तर उभाच राहावा. या दह्याची कीर्ती पार चंद्रापर्यंत गेली होती. चांद्रवसाहतीच्या खानावळीला दही हवं होतं, आणि सगळ्या राज्यातून निवडलेल्या शेवटच्या तीन दह्यांत काकूचं दही होतं. रविवारी दुपारी बाराच्या आत बारा गाडगी पठारावरच्या अंतराळतळावर पोचवायची होती. अट एकच, दही मोडलेलं नसावं. तीस किलोमीटरच्या प्रवासात जे मोडतं, ते चार लाख किलोमीटरच्या प्रवासात काय टिकणार?

आणि नेमका त्याच आठवड्यात काकाने गाडी खाली बसवून आणली होती. खाली बसवणं म्हणजे चाकांवरच्या मूळच्या लांब स्प्रिंगा काढून आखूड, कडक स्प्रिंगा घालणं. गाडीचं पोट पाच सेंटिमीटरनी जमिनीच्या जवळ आलं. आधी तिला घरात सगळे म्हैस म्हणत. आता काकाने तिचं नाव चित्ता ठेवलं.

शुक्रवारी सरावासाठी दोन गाडगी घेऊन काका निघाला. गोदा मागच्या सीटवर होती. घाटात चित्ता वळणांना अशी चिकटून गेली की पूर्वी दर वळणाला कलंडणारं डाव्या कोपऱ्यातलं गाडगं जागचं हललं नाही. काका शीळ घालत होता. बाजारपेठेच्या सरळ रस्त्यावर मात्र जाता-येता दणक्यांनी शीळ थांबली, आणि घरी येऊन झाकण उघडलं तर दोन्ही गाडग्यांत दह्याच्या फोडी पाण्यावर तरंगत होत्या.

"दहीच जरा नाजूक लागलंय," काका म्हणाला.

काकूने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. ते पाहणं इथे लिहिता येण्यासारखं नाही.

"सदर प्रकरणी चौकशी व्हावी," जास्वंदीच्या आडून आवाज आला.

हा मापारी. मापारी हा नगरपालिकेचा निवृत्त यंत्रमानव. खड्डे मोजण्यासाठी त्याला आणलं होतं. दफ्तरात खड्डे अडतीस होते. मापारीने ते चार हजार तीनशे बारा मोजले. दुसऱ्याच दिवशी शाल-श्रीफळ देऊन त्याचा निवृत्ती समारंभ झाला. तेव्हापासून तो काकूकडे गाडग्यांची मापं बघत असे आणि अंगणातल्या मुंग्या मोजून मन रमवत असे.

"मापारी, सांग ना," गोदा म्हणाली, "घाटात मोडलं नाही, मग सपाट रस्त्यावर कसं मोडलं?"

"प्रथम घाट. कबड्डीत पकड करणारा गडी कसा उभा राहतो?"

गोदा शाळेच्या संघात होती. तिने पाय फाकले, गुडघे वाकवले आणि खाली बसल्यासारखी उभी राहिली.

"काका, मला ढकल."

काकाने ढकललं. गोदा हलली नाही. मग ती ताठ उभी राहिली आणि काकाने पुन्हा ढकललं. ती तुळशीपर्यंत गेली.

"नोंद घ्यावी," मापारी म्हणाला. "खाली वाकलं की गुरुत्वमध्य (वस्तूचं सगळं वजन जणू जिथे एकवटलेलं असतं तो बिंदू) खाली येतो, मग कलंडणं अवघड होतं. गाडीचंही तसंच. वळणावर ती बाहेरच्या बाजूला झुकते. पोट खाली आणि स्प्रिंग कडक असेल तर कमी झुकते. शिवाय पोटाखालून वारा कमी शिरतो, म्हणून मोठ्या रस्त्यावर वेगात जाताना बॅटरी किंचित वाचते. आणि दिसायला..."

"चित्त्यासारखी दिसते!" काका म्हणाला.

"दिसण्याचं माप माझ्याकडे नाही," मापारी म्हणाला. "आता बाजारपेठ. गोदाताई, ओट्यावरून उडी मारा. पाय ताठ ठेवून."

ओटा गुडघ्याएवढा होता. गोदाने पाय ताठ ठेवून उडी मारली आणि तिचे दात एकमेकांवर आपटले. दुसऱ्या उडीला तिने टेकता टेकता गुडघे वाकवले. दातांना पत्ताही लागला नाही.

"गुडघे वाकत जातात तसा दणका हळूहळू जिरतो," मापारी म्हणाला. "गाडीचे गुडघे म्हणजे सस्पेन्शन (चाक आणि गाडी यांच्यामधली स्प्रिंगांची आणि दणका जिरवणाऱ्या नळ्यांची जोडणी). चाक उंचवट्यावर चढलं की स्प्रिंग दबते आणि वरचं दही शांत राहतं."

गोदा पुन्हा ओट्यावर चढली. पण या वेळी ती कबड्डीच्या पवित्र्यात, आधीच खाली वाकून उभी राहिली आणि तशीच वाकलेली उडी मारली. धप्पकन बसली. उठून चड्डी झटकली, आणि तिचे डोळे एकदम चमकले.

"कळलं! मी आधीच वाकलेली असले तर पुढे वाकायला गुडघा उरतच नाही! म्हणजे काका, ज्या कारणाने गाडी घाटात शहाणी झाली, त्याच कारणाने ती गावात येडी झाली!"

"अहवाल मंजूर," मापारी म्हणाला. दिवसभर तो त्या आनंदात होता, कारण त्याचा स्वतःचा अहवाल आजवर कुणीच मंजूर केला नव्हता, आणि आज मंजुरी देणारा तोच होता.

"मूळच्या स्प्रिंगा परत घाल, शौर्य," काकू म्हणाली.

"अगं, बाजारपेठेतून सावकाश नेईन. गाडी पार होते सगळ्या स्पीडब्रेकरांवरून. मी बघितलंय."

आता कासारखिंडीतल्या स्पीडब्रेकरांविषयी सांगायला हवं. इतर गावांत ते वेग कमी करायला घालतात. कासारखिंडीत ते सत्कार म्हणून घालतात. कुणाचा मुलगा डॉक्टर झाला की त्याच्या दारासमोर एक. कुणी निवडून आलं की एक. मान जितका मोठा, तितकी उंची जास्त. सरपंच असताना घातलेला दहा सेंटिमीटरचा स्पीडब्रेकर माणूस आमदार झाल्यावर अकराचा झाल्याची उदाहरणं होती. बाजारपेठेच्या दोन किलोमीटरांत असे अकरा नामवंत आडवे पडलेले होते.

आणि काकूचं दही तर चंद्राला निघालेलं! शनिवारी संध्याकाळी हलगी वाजवत लोक आले आणि घराच्या फाटकासमोर गावातला सर्वांत उंच, तेरा सेंटिमीटरचा स्पीडब्रेकर घालून गेले. त्यासाठी गुपचूप अर्ज कुणी केला होता, हे काकाच्या चेहऱ्यावरून सगळ्यांना कळलं. काकूने कपाळाला हात लावला. पण पिवळ्या पट्ट्यांत आपलं नाव रंगवलेलं पाहून तिला थोडंसं बरंही वाटलं.

"गाडी जाईल ना यावरून?" गोदाने विचारलं.

काकाने लगेच गाडी काढून दाखवली. चित्त्याच्या पोटात आणि स्पीडब्रेकरच्या डोक्यात एक बोट अंतर राहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"गाडी रिकामी होती," मापारी म्हणाला. पण हलगीच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

रविवारी सकाळी आठ वाजता बारा गाडगी, काकू, गोदा आणि मापारी एवढा ऐवज घेऊन चित्ता फाटकातून डौलात निघाली. पुढची चाकं चढली, उतरली, आणि खालून 'खर्रर्र' असा आवाज येऊन गाडी थांबली. काकाने जोर लावला. गाडी जत्रेतल्या झोपाळ्यासारखी मागेपुढे डोलली, पण जागची हलली नाही. आपल्याच दारात, आपल्याच सत्कारावर, काकाची गाडी पोटावर बसली होती.

पाच मिनिटांत अर्धं गाव जमलं.

"शौर्यशेठ, चित्ता अंडी उबवतोय काय?" समोरचे शिंपी आप्पा म्हणाले.

"आप्पा, गप्प बसा!"

"सर्वांनी खाली उतरावं," मापारी म्हणाला. "रिकामी असताना जमिनीपासून अंतर चौदा. आपण आणि गाडगी बसल्यावर स्प्रिंग दोननी दबली, उरले बारा. अडथळा तेरा. बारातून तेरा जात नाही. पोटाखाली बॅटरीची पेटी आहे, तिला इजा होता कामा नये."

सगळे उतरले, गाडगीही उतरवली. गाडी दोन सेंटिमीटर वर आली आणि ढकलत ढकलत अंगणात परत गेली. मापारीने खाली वाकून पाहिलं. पेटीच्या पत्र्यावर ओरखडा होता, बाकी शाबूत होतं.

आता काकूचा चेहरा उतरला. "हा एक जाऊ दे. पुढे अकरा आहेत. दर वेळी बारा गाडगी उतरवून चढवायची? आणि वाटेतल्या दणक्यांचं काय? शुक्रवारी दोन गाडग्यांची जी गत झाली तीच होणार." मग ती हळूच म्हणाली, "जाऊ दे. चंद्रावरचे लोक पावडरचं ताक पितील."

काकू ओरडली असती तर काकाला चाललं असतं. हे हळू बोलणं त्याला सोसेना.

"जुन्या स्प्रिंगा कुठायत?" गोदाने विचारलं.

त्या स्वयंपाकघरात होत्या. गोल बुडाची गाडगी स्प्रिंगेच्या वेटोळ्यावर छान बसतात, हे काकूने केव्हाच हेरलं होतं. चार स्प्रिंगांवर चार गाडगी रोज रात्री विरजत होती.

"मग गाडीत याच ठेवू ना गाडग्यांखाली!" गोदा म्हणाली. "गाडग्यांना स्वतःचे गुडघे!"

"कल्पना सुंदर, परंतु नामंजूर," मापारी म्हणाला. "ही स्प्रिंग शेकडो किलो पेलायला बनवली आहे. दोन किलोच्या गाडग्यासाठी ती दगडच. तिला ते बसल्याचं कळणारसुद्धा नाही. प्रत्येक स्प्रिंग आपापल्या ओझ्यासाठीच गुडघा असते."

काकाने बाह्या सरसावल्या. "मापारी, बदलायला किती वेळ?"

"नगरपालिकेच्या गॅरेजात शिकलो आहे. दोन तास पंचवीस मिनिटं. चहा न घेतल्यास."

"आणि माझा चित्ता?"

काकाने गाडीच्या बॉनेटवरून एकदा हात फिरवला. "चल म्हशी," तो म्हणाला, "आत ये."

दाबलेली स्प्रिंग सुटली तर तोफेच्या गोळ्यासारखी उडते. म्हणून मापारीने गोदाला भिंतीआड उभं केलं, आणि तिथून ती वेळ मोजत राहिली. काम चालू असताना मापारीचं तोंडही चालू होतं. "नोंद घ्यावी. गाडी खाली बसवल्यावर चाकं किंचित तिरकी झाली होती. टायर आतल्या कडेने आधी झिजले असते. दिव्यांचा झोतही बदलला होता. गोदाताईंच्या आजींना गाडीत बसून पुन्हा उठताना गुडघ्यांचा जो त्रास झाला, तोही नोंदवला आहे. ज्याला रोज गुळगुळीत रस्त्यानेच जायचंय त्याने चाकं नीट जुळवून, परवानगी काढून, गाडी थोडी खाली घ्यावी. आमची हरकत नाही. मात्र आधी आपला रस्ता मोजावा."

"हे आधी का नाही सांगितलंस?" काका गाडीखालून ओरडला.

"आपण गाडी मोजायला सांगितली नव्हती. फक्त तिचं नवं नाव सांगितलं होतं."

साडेदहाला म्हैस आपल्या चार लांब पायांवर उभी राहिली. सगळे बसले. पोट जमिनीपासून सोळा. तेराचा सत्कार तिने अलगद ओलांडला. लोकांनी कालच्यापेक्षा मोठ्या टाळ्या वाजवल्या. बाजारपेठेत अकरा नामवंत एकामागून एक खाली येत गेले, स्प्रिंगा दबत गेल्या, उलगडत गेल्या, आणि गोदाच्या मांडीवरचं गाडगं झोपलेल्या बाळासारखं राहिलं. घाटात मात्र काकाला दर वळणाला वेग कमी करावा लागला, कारण म्हैस आता पूर्वीसारखी झुकत होती. एका वळणावर तो उगीच उसासा टाकून गेला. काकूने त्याच्या हातात एक चिक्कीचा तुकडा ठेवला.

पोचले तेव्हा बाराला चार मिनिटं कमी होती. तळावरच्या परीक्षक, डॉक्टर कुरुंदवाडकर बाई, चांगल्या सहा फूट उंच होत्या आणि हसत नव्हत्या. त्यांनी बाराही झाकणं उघडली. एका गाडग्यात चमचा उभा केला आणि घड्याळ बघितलं. एक मिनिट. दोन मिनिटं. चमचा सलामी दिल्यासारखा उभा राहिला.

"इतर दोन्ही दह्यांना पाणी सुटलंय," बाई म्हणाल्या. "तुम्ही कुठल्या रस्त्याने आणलं?"

"कासारखिंडीच्या," काकू म्हणाली.

"कासारखिंडीच्या?" बाईंनी गाडग्याकडे नव्याने पाहिलं. "मग हे चंद्रावर नक्की पोचेल." आणि त्या पहिल्यांदा हसल्या.

गोदाने तेवढ्यात विचारून घेतलं. "बाई, चंद्रावर सगळं सहापट हलकं ना? मग तिथे हीच गाडी नेली तर स्प्रिंगा कमीच दबतील आणि ती आपोआप उंच उभी राहील?"

"राहील ना. म्हणून तिथल्या गाड्यांच्या स्प्रिंगा आम्ही वेगळ्या करतो. तू मोठी झाल्यावर ये, हे काम अजून अर्धं बाकी आहे."

"तिथे खड्डे किती?" मापारीने विचारलं.

"मोजून संपत नाहीत. खरं सांगायचं तर कुणी नीट मोजलेच नाहीत."

मापारीच्या छातीवरचा हिरवा दिवा एरवीपेक्षा जास्त उजळला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाला ठक ठक आवाजाने जाग आली. फाटकासमोर काका टिकाव घेऊन स्पीडब्रेकर तासत होता. काकूचं नाव त्याने जपून ठेवलं होतं, फक्त त्याच्याखालची उंची तो कमी करत होता. समोर आप्पा आपल्या दारातल्या दहा सेंटिमीटरकडे बघत विचारात पडले होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "शौर्यशेठ, टिकाव झाला की इकडे देता का?"

मापारी पट्टी घेऊन वाकला.

"उंची सहा," तो म्हणाला. "कासारखिंडीच्या इतिहासातली पहिली घट. गोदाताई, लिहून घ्या. आणि माझा चंद्रावरचा अर्जही त्याच कागदावर लिहा, म्हणजे माझ्या कामाचा नमुना सोबत जाईल."