मी सांगेपर्यंत उठू नको

भुतांवर विश्वास ठेवा, असं मी कुणाला सांगणार नाही. मीही ठेवत नव्हतो. पण खालच्या वेळा माझ्या डायरीतल्या आहेत आणि त्या त्याच क्षणी लिहिलेल्या आहेत.

चौतीस वर्षं शाळेत लिपिक होतो. कोण किती वाजता आलं, कोण किती वाजता सटकलं, हे टिपायची खोड अजून जात नाही. कुणाच्या लग्नात कोण जेवून गेलं आणि कोण नुसतं तोंड दाखवून, ते मला विचारा.

गेल्या मार्गशीर्षातला शनिवार. गाव जानेफळ. भर दुपार.

माझा भाचा ऋत्विक ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याने आणि त्याच्या मित्राने, गोपालने, मिळून एक प्लगइन बनवलं होतं. म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजातली खरखर काढणारं छोटं सॉफ्टवेअर. दोन वर्षांची मेहनत. बंगळुरूच्या एका कंपनीने पाच वाजेपर्यंत मुदत दिली होती. तपासणीत पास झाल्याचा अहवाल पाठवा, नाहीतर आम्ही दुसऱ्याचं घेतो.

तपासणीचं मशीन बुलढाण्यात, दोघांच्या खोलीवर. ऋत्विक इथून रिमोट लॉगिन करून तपासणी चालवायचा.

त्या दुपारी ती चालेना.

नापास... पुन्हा नापास.

"कोड बरोबर हाये मामा," तो म्हणाला. "तिकडं लाइट गेली होती. मशीन बंद होऊन चालू झालं, आता समोर कोणीच लॉगिन नाई. मी दुरून कितीबी आत गेलो तरी आवाजाचं काम ते करत नाई. कोणीतरी खुर्चीत बसून लॉगिन केलं पाह्यजे."

"म्हणजे थोरल्या जावयासारखं. समोर आणून बसवल्याशिवाय अक्षता नाहीत."

तो हसला नाही.

तीन दहा. त्याने गोपालला फोन लावला. गोपाल रोहिणखेडला, आईकडे. खोलीची एकच किल्ली, तीही त्याच्याजवळ.

"आत्ताच ताटावर बसलो बे. जेवून निघतो."

"ताट कुठं पळून जाऊन राह्यलं? निघ आधी. अन् लॉगिन केलं का खुर्ची सोडू नको. मागच्या वेळी तू चहाले गेला अन् मशीन झोपलं. मी सांगेपर्यंत उठू नको."

"हाव बाप्पा. नाई उठत."

मग नुसतं थांबणं.

मशीनवर आत कोण आहे, त्याची यादी स्क्रीनवर दिसायची. एकच ओळ होती. ऋत्विक, बाहेरून.

साडेतीन... पावणेचार... चार.

चार बारा. दुसरी ओळ आली.

गोपाल. समोरून.

ऋत्विकने तपासणी लावली.

पास.

चार पंचवीसला अहवाल गेला. त्याने हसत फोन लावला. घंटी वाजत राहिली... वाजत राहिली... मग अनोळखी आवाज आला.

"हे गाडीवाले तुमचे कोण?"

राजूर घाटात गाडी घसरली होती.

"पावणेचारलेच गेले भाऊ. खिशात एक किल्ली सापडली फक्त."

मी डायरी पाहिली. चार बारा.

ऋत्विक स्क्रीनकडे बघत होता. दुसरी ओळ तिथेच होती. तिच्यापुढे, शेवटचं बटण दाबून किती वेळ झाला, तो आकडा येतो.

शून्य मिनिटं.

पुढच्या दिवसांत ऋत्विकने त्याला इथूनच तीनदा लॉगआउट केलं.

तीनदा, मिनिटाच्या आत, ओळ परत आली.

तेराव्याला त्याने गोपालच्या आईला, मनकर्णाबाईंना, सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. ऋत्विकच्या हातात किल्ली ठेवली.

"भरल्या ताटावरून उठवलं तू त्याले. तूच तिथं बसवलं. आता उठवबी तूच."

तो एकटा बुलढाण्याला गेला. यादी बघायला मी जानेफळला, लॅपटॉपसमोर. फोन चालू.

कुलूप उघडल्याचा आवाज आला.

"कोणी नाई मामा. खुर्चीवर धूळ हाये."

मग मला ऐकू आलं...

टक... टक... टक...

"तू काही दाबू नको," मी म्हणालो.

"मी दारातच उभा हाये मामा."

टक... टक...

ऋत्विकचा आवाज फाटला. "गोपाल, झालं बे. पास झालं. आता ऊठ. आई ताट झाकून बसली हाये."

टकटक थांबली.



"उठला का मामा?"

मी यादी पाहिली. चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

गोपाल. समोरून. शून्य मिनिटं.

तिकडे पोरगं दारात उभं राहून रडत होतं.

"हाव," मी म्हणालो. "उठला. आता तू कुलूप लाव अन् घरी ये."

चौतीस वर्षांत मी कुणाची खोटी वेळ सांगितली नव्हती.

ऋत्विक आता दुसऱ्या मशीनवर काम करतो. ती यादी तो उघडत नाही, मीही उघडू देत नाही. पण जेवताना कधीतरी घास हातात धरून विचारतो, "मामा, किती वाजता उठला होता तो?"

डायरीत त्याची येण्याची वेळ आहे. चार बारा.

शेजारचा रकाना कोराच आहे.