मागून येणारी

असल्फ्याच्या टेकडीच्या पायथ्याशी, जिथे रिक्षा वळवायलाही जेमतेम जागा मिळते, तिथे जयवंतचं दुकान होतं. आधी तो तिथे रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचा. सत्त्याऐंशी साली घाटकोपरातली पोरं व्हिडिओ गेमच्या नादाने पार खुळी झाली, तेव्हा त्यानेही दुरुस्तीचं टेबल कोपऱ्यात सरकवलं आणि भिंतीला ओळीने मशिनं लावली. मशिनं चंद्रप्रकाश नावाच्या माणसाची, जागा जयवंतची. दुपारी शाळा-कॉलेजं सुटली की आत पाय ठेवायला जागा नसायची, आणि आवाज असा की शेजारचा इस्त्रीवाला दिवसातून एकदा तरी भांडायला यायचा.

त्यातलं कडेचं मशीन मात्र कुणाच्या बापाला आवडत नव्हतं.

सांताक्रूझचं कुठलंसं हॉटेल बंद पडलं, तेव्हा चंद्रप्रकाशने ते उचललं होतं. वरची अक्षरं जपानी होती की चिनी, देव जाणे. गेममध्ये ना गोळीबार, ना उड्या. पडद्यावरचा एक माणूस हातात कंदील घेऊन डोंगराची वाट चढायचा आणि त्याच्या मागून एक बाई यायची. बाई म्हणजे काय, पांढऱ्या ठिपक्यांचा एक पुंजका. माणूस पुढे निघाला की ती जागच्या जागी थांबायची. हँडल मागे खेचून त्याला वळवायचं. त्याने तिच्याकडे पाहिलं की ती थोडी पावलं टाकायची आणि त्याने तोंड फिरवलं की पुन्हा उभी. ती जवळ पोचल्याशिवाय पुढची वाट उघडायची नाही. मध्येच दरड कोसळून माणूस गेला, की सगळं पहिल्यापासून.

"काय बोगस गेम आहे यार!" कॉलेजात जाणारा रतन मशीनला लाथ घालत म्हणायचा. "ह्या बयेला काय बोट धरून शाळेत सोडायचंय? जयवंतभाई, फेकून द्या हे."

जयवंतचंही मत फारसं वेगळं नव्हतं. पण मग धाकूकाका आले.

धाकूकाका परळच्या गिरणीत होते. संपानंतर गिरणीचं दार उघडलंच नाही, तेव्हा गोरेगावला एका स्टुडिओत रात्रपाळीचे वॉचमन झाले. राहायचे टेकडीवर, शेवटच्या चाळीत. माघात त्यांची बायको गेली. विमलाकाकी अख्ख्या टेकडीच्या ओळखीच्या होत्या, कारण त्या टेकडी चढायला इतका वेळ घ्यायच्या की वाटेतल्या प्रत्येक दारात त्यांच्याशी बोलणं व्हायचंच. डावा गुडघा पार कामातून गेला होता. काका पुढे ताडताड निघून जायचे, काकी मागून गुडघा दाबत, थांबत, कुणाच्या तरी दारात पाणी पीत वर पोचायच्या.

काकींचा ट्रान्झिस्टर दुरुस्तीला पडला होता, तो घ्यायला काका एका दुपारी आले आणि त्या कडेच्या मशीनसमोर थबकले. रतन खेळत होता, म्हणजे शिव्या घालत होता.

"ती मागसून येता ती कोण रे?" काकांनी विचारलं.

"डोक्याला ताप आहे काका. तिच्यासाठी थांबावं लागतं."

"मगे थांब ना," काका म्हणाले. "घाई कित्याक?"

रतन हसला आणि हँडल सोडून बाजूला झाला. काकांनी उरलेला डाव हातात घेतला. त्या दिवसापासून ते रोज दुपारी येऊ लागले.

जयवंतला पहिल्यांदा गंमत वाटली, मग कौतुक वाटू लागलं. आयुष्यात कधी असल्या वस्तूला हात न लावलेला हा म्हातारा, पण त्याच्या हाताला एक लय होती. गिरणीतल्या साच्यावर, म्हणजे मागावर, वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या माणसाची ती लय असावी. चार पावलं पुढे, मग मागे वळायचं, बघायचं, ती येईपर्यंत बघत राहायचं. दरड कोसळून सगळं मुळापासून सुरू करायची वेळ आली तरी कपाळाला आठी नाही. "परत सुरवात म्हणजे परत तिच्यावांगडा चलूक मिळता," ते म्हणाले. बाकीची पोरं ज्या ज्या गोष्टीसाठी त्या खेळाला शिव्या घालायची, नेमक्या त्याच गोष्टी काकांना गोड लागत होत्या. हळूहळू पोरं आपापले डाव टाकून त्यांच्यामागे उभी राहू लागली, आणि आश्चर्य म्हणजे गप्प उभी राहू लागली.

मग एका दुपारी जयवंतच्या लक्षात आलं, की ती बाई लंगडते आहे.

तो जवळ जाऊन वाकला. ठिपक्यांचा पुंजका डावीकडे झुकत होता. दोन पावलं टाकली की थबकत होता, आणि थबकला की त्याचा वरचा भाग किंचित खाली वाकत होता. गुडघ्यावर हात ठेवल्यासारखा. जयवंत मेकॅनिक माणूस. असं काही दिसलं की आधी वायर सैल आहे का ते बघायचं, हा त्याचा धर्म. काका गेल्यावर त्याने मशीन उघडलं, बोर्ड बाहेर काढून चिपांचे पाय घासले, जोड तपासले. मग स्वतः खेळून पाहिलं. बाई सरळ चालत होती. रतनला खेळायला लावलं, तरी सरळच.

दुसऱ्या दिवशी काकांनी हँडल धरलं आणि ती पुन्हा लंगडू लागली.

त्या आठवड्यात भर दुपारी वीज गेली. सगळी मशिनं काळीठिक्कर पडली. वीज आली तेव्हा बाकीची नेहमीप्रमाणे पहिल्या चित्रावर आली. कडेच्या मशीनवर मात्र डोंगराची तीच वाट उमटली, कंदीलवाला तिथेच, मागे बाईही तिथेच. जयवंतने बोर्ड अनेकदा हाताळला होता. त्यात बॅटरी नव्हती, वीज गेल्यावर काही लक्षात ठेवेल असं काहीच नव्हतं.

"रवली हा बघ," काका आनंदाने म्हणाले. "माझ्यासाठी रवली."

जयवंतने मान डोलावली आणि पाणी प्यायला मागे गेला.

चंद्रप्रकाश शनिवारी यायचा. या वेळी त्याने कडेच्या मशीनचा गल्ला हलवून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. "एक बुढ्ढा खेलता है, बाकी सब देखते हैं. असं चालतं काय धंदा? पुढच्या शनिवारी उचलतो हा डबा, विमानाचा गेम लावतो. झकास आहे."

काका तिथेच होते. त्यांनी सगळं ऐकलं. चंद्रप्रकाश गेल्यावर ते जयवंतपाशी येऊन उभे राहिले.

"जयवंता, माका तिका वर न्हेऊची हा रे. वायच वाट रवली हा. मधेच सोडूक नको."

"काका, गेम आहे तो," जयवंत शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाला.

"माका ठावक हा," काका म्हणाले. "पण मी आखो जल्म फुडे चललंय. ती कायम मागसून. एकदा पण वळान बघूक नाय. शेवटाक वळणार होतंय, तर तुम्ही वळूक दिलात नाय."

जयवंतला ते आठवत होतं. विसरणार कसा? स्मशानातून परतताना मागे वळून पाहायचं नसतं, गेलेलं माणूस पाठोपाठ येतं, हे कोकणातल्या कुठल्याही घरात पोरासोरांनाही माहीत असतं. त्या दिवशी फाटकापाशी काकांची मान वळू लागली होती, आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकून चालणाऱ्या जयवंतनेच ती घट्ट धरून पुढे ठेवली होती. सगळ्यांनी मान्य केलेलं, बरोबर असं काम त्याने केलं होतं. त्याबद्दल त्याला कधी काही वाटलं नव्हतं.

आता मात्र अंगावर सरसरून काटा आला. कारण त्या खेळात दुसरं होतं तरी काय? पुढे जायचं आणि मागे वळून बघायचं. बघितलं, की ती येते.

सोमवारपासून बाईचा रंग बदलू लागला. आधी खांद्यापाशी एखादा ठिपका हिरवा दिसला. जयवंतने पडद्याचे रंग जुळवले, पिक्चर ट्यूब जुनी झाली असं स्वतःला बजावलं. पण कंदील पिवळाच होता, वाट मातकटच होती. बाईच तेवढी रोज थोडी थोडी हिरवी होत चालली होती. काकी अहेवपणी गेल्या होत्या. त्यांना नेसवलेलं हिरवं लुगडं जयवंतच्याच बहिणीने बाजारातून आणलं होतं. काका फक्त खेळत होते, आणि इतकं सुंदर खेळत होते की जयवंतला भीती वाटत असतानाही नजर काढवत नव्हती. एका माणसाला दुसऱ्यासाठी इतकं थांबता येतं, हे त्याने उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी काका लवकर आले. दाढी केलेली, धुतलेला सदरा, खिशात चाफ्याचं फूल. रतन आणि दोनचार पोरं आधीच येऊन थांबली होती. उद्या मशीन जाणार हे सगळ्यांना माहीत होतं.

डाव सुरू झाला. दरडी आल्या, काकांनी चुकवल्या. प्रत्येक वळणावर कंदीलवाला वळला, थांबला, आणि हिरवी बाई लंगडत त्याच्यापाशी पोचली. कुणीही कधी न पाहिलेल्या वाटा उघडत गेल्या. रतन ओठ चावत उभा होता. एकदा ती मध्येच खाली बसली तेव्हा तोच पुटपुटला, "घाई करू नका काका. दम खाऊ दे तिला."

मग शेवटची वाट उघडली. डोंगर संपला होता. पडद्यावर उभ्या चढाच्या पायऱ्या होत्या, वेड्यावाकड्या, आणि अगदी वर एक दार.

जयवंतने ते चित्र पाहिलं आणि नकळत दुकानाबाहेर, टेकडीकडे नजर टाकली.

कंदीलवाला पायऱ्या चढू लागला. एक पायरी, वळणं. एक पायरी, वळणं. मशीनचं संगीत कधी थांबलं ते कुणाला कळलं नाही. दुकानात ओल्या कापडाचा वास आला. शेजारी इस्त्रीचं दुकान आहे, जयवंतने स्वतःला सांगितलं. पण इस्त्रीवाला आज गावाला गेला होता.

कंदीलवाला दारापाशी पोचला. बाई एक पायरी खाली, त्याच्या पाठीशी.

काकांनी हँडल सोडलं.

"काका, खेचा ना मागे!" रतन ओरडला.

काकांनी हँडलला हात लावला नाही. ते स्वतःच वळू लागले. सावकाश, आधी खांदा, मग मान.

जयवंत मेन स्विचपाशी उभा होता. त्याचा हात खटक्यावर होता. एक खटका, आणि सगळं अंधारात गेलं असतं. त्या दिवशी फाटकाशी मान धरली होती तसंच.

काका पूर्ण वळले. पोरांच्या पलीकडे, दुकानाच्या रिकाम्या दाराकडे पाहू लागले.

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून जयवंतचे डोळे भरले. त्याने खटक्यावरून हात काढून घेतला.

"इलंस?" काका म्हणाले. "चल, घराक जावया."

पोरांनी त्यांना वाट करून दिली. काकांनी खिशातलं फूल काढून हातात धरलं, दारात थोडे थांबले, मग बाहेर पडले.

"आयला!" रतन म्हणाला. पडद्यावर कंदीलवाला दारात एकटाच उभा होता. रतनने हँडल धरलं. गेम आपोआप पहिल्या वाटेवर आला. त्याने माणसाला पुढे नेलं, आणखी पुढे नेलं. वाटा पटापट उघडत गेल्या. "अरे झकास! ती बया गेली रे! आता बघ कसा पळतोय!"

मागून कुणीच येत नव्हतं.

जयवंत बाहेर आला. रस्त्यावर लख्ख ऊन होतं, रिक्षा हॉर्न वाजवत होत्या. काका रस्ता ओलांडून टेकडीकडे निघाले होते. नेहमीसारखे ताडताड नाही. चार पावलं जायचे, वळायचे, थांबायचे. जयवंत त्यांच्यामागे गेला. का कोण जाणे, पण तो थेट त्यांच्या पाठीमागून चालला नाही, गटाराच्या कडेकडेने चालला.

पायऱ्यांच्या तळाशी एक बाई मांडीवर सूप घेऊन मेथी निवडत बसली होती. टेकडीवर नुकतीच राहायला आलेली असावी, जयवंतने तिला कधी पाहिलं नव्हतं. काका आले तशी तिने वाटेतले पाय आवरले. काका वर चढून गेले. तिने पाय पुन्हा लांब केले, मेथीची जुडी उचलली.

आणि लगेच पाय परत पोटाशी घेतले.

"सावकाश हां, मावशी," मेथीवरची नजर न काढता ती म्हणाली. "भिंतीला धरून चढा. ही पायरी हलते."