उजव्या पायाचा गमबूट

तुवा, थांब. तो बूट कचऱ्याच्या पिशवीत नको टाकूस. आण इकडे. ठेव टेबलावर. अगं, मळका असू दे, टेबल काही तुझ्या सासूचं नाही.

आणि स्यूर, तू दार लावून घे आणि चुलीत एक लाकूड सार, अख्ख्या धक्क्यावर चूल फक्त या मागच्या दगडी खोलीत. सव्वाचार वाजलेत, बाहेर मिट्ट काळोख झालाय. शनिवार असून सगळे साफसफाईला आलात, कॉफी तरी निवांत प्या. पावसाबद्दल मी काही बोलत नाही. बर्गनमध्ये पावसाबद्दल फक्त पाहुणे बोलतात.

एक गोष्ट सांगतो. तुवा, तोंड वाकडं करू नकोस, म्हातारा पुन्हा सुरू झाला म्हणून. ही ऐकीव नाही. गाउते बारा वर्षं माझ्या शेजारी उभा राहून रंधा मारत होता. खोटं बोलायची अक्कल नव्हती त्याला. निदान तेव्हापर्यंत तरी नव्हती.

दोन हजार अकरा साल. बावीस डिसेंबर, गुरुवार. नाताळच्या रात्रीसाठी मेंढीच्या बरगड्या आम्ही दोघांनी मिळून आणल्या होत्या, चांगल्या खारवून सुकवलेल्या. वर वर्कशॉपच्या माळ्यावर टांगल्या होत्या, कारण तिथल्यासारखी कोरडी थंडी गावात कुठे मिळत नाही. मी माझ्या घेऊन गेलो. हा गाउते विसरला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यात घातल्या नाहीत तर मीठ उतरत नाही, आणि मग नाताळला मिठाचा खडा चघळत बसायचं. बायकोनं हाकललं त्याला. "जा, आत्ता जा, आणि पोरीलाही ने. सकाळपासून माझ्या पायात पायात येतेय."

पोरगी म्हणजे मारित. सहा वर्षांची. पिवळा रेनकोट, लाल गमबूट. एकुलती एक, लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली. गाउतेचा जीव त्या पोरीत होता, तिला साधी शिंक आली तरी हा रात्रभर जागायचा.

पावणेचारला दोघं इथं, या जुन्या धक्क्यावर पोचले. हिवाळ्यात इथली पाहुण्यांची दुकानं लवकर बंद. दोन घरांच्या मधली ती फळ्यांची गल्ली माहीतच आहे तुम्हाला. फळ्या ओल्या, वर पन्हळी गळतायत, एक दिवा टोकाला. मारित पुढे धावली आणि धडाधड जिना चढून वरच्या सज्ज्यात गेली. गाउते मागून चालला होता, हातात किल्ली.

जिन्याच्या पायाशी एक माणूस उभा होता.

डोक्यावर टोपी नाही. जाड लोकरीचा काळपट कोट. वयानं गाउतेपेक्षा थोडा मोठा असेल. गाउतेकडे बघून तो मान लववून म्हणाला, "मागच्या भेटीबद्दल आभार."

आता आपल्याकडे दुसऱ्यांदा भेटलेला कुणीही पहिलं वाक्य हेच बोलतो. आपण पोरांना हे आधी शिकवतो आणि नाक पुसायला नंतर. आणि समोरचा कोण हे आठवत नसलं तर आपण काय करतो? विचारतो का, बाबा रे, तू कोण? शक्यच नाही! आपण माणसंच अशी, की पाण्यात बुडत असलो तरी लोकांना उगाच त्रास नको म्हणून हाक मारणार नाही. गाउतेला चेहरा आठवेना. शरमला बिचारा. म्हणाला, "तुमचेही आभार."

त्या माणसाचा चेहरा एकदम उजळला. गाउते मला म्हणाला होता, ओडवार, इतका आनंद मी कुणाच्या तोंडावर पाहिला नाही रे.

"म्हणजे आठवतंय तुला."

"हो हो. आठवतंय ना."

"मला वाटलं, विसरलास."

"छे! विसरेन कसा?"

एकावर एक तीन थापा. निव्वळ सभ्यपणापायी. वरून मारितनं कठड्यातून डोकं काढून विचारलं, "पप्पा, कोण आहे?" हा म्हणतो, "ओळखीचे आहेत, बाळा."

"किल्ली आणलीस?" त्या माणसानं विचारलं.

गाउतेला वाटलं, वरचा एखादा भाडेकरू असेल, किल्ली आत ठेवून बाहेर अडकला असेल बिचारा. हातातली किल्ली दाखवून म्हणाला, "ही काय. चला."

दोघं जिना चढायला लागले. गाउते पुढे, तो मागे. तो जिना कसा कुरकुरतो सांगायला नको, मांजर चढलं तरी कळतं. निम्म्यावर गाउतेच्या लक्षात आलं... आवाज एकाच माणसाच्या पायांचा होता. त्याच्याच.

मागे वळून बघितलं. माणूस होता, दोन पायऱ्या खाली, हसऱ्या चेहऱ्याचा. इतक्या पावसात त्याच्या कोटावर एक थेंब नव्हता. आणि वास येत होता. जळक्या लाकडाचा. पुढच्या या लाकडी घरांत! जिथं शेकडो वर्षं माणसं थंडीत कुडकुडत, अंधारात झोपली पण आगीच्या भीतीनं काडी ओढली नाही, तिथं.

गाउतेनं वर्कशॉपच्या दाराला किल्ली लावली.

"इथं नाही," तो म्हणाला. "तिकडे. मागच्या वेळी ज्या दाराशी बोललास तिथं."

सज्ज्याच्या टोकाला ते बुटकं दार आहे ना, त्याच्या आत पूर्वी कोठारात राबणारी माणसं झोपायची, रात्री बाहेरून कुलूप लावलेली. ते दार मी स्वतः खिळे मारून बंद केलंय. सात खिळे. वरून रंगाचे दोन हात.

त्या दाराबाहेर मारितचे लाल गमबूट होते. नीट, शेजारी शेजारी ठेवलेले.

"शहाणी पोर आहे," तो म्हणाला. "ये म्हटलं, तर बूट बाहेर काढून आत गेली."

गाउते धावला. दाराला हात लावला आणि झटकन मागे घेतला. लाकूड तापलेलं होतं. धूर नाही, जाळ नाही, पण हात ठेववत नव्हता.

"मारित!"

"पप्पा, इथं गरम होतंय."

आतून. अगदी दाराजवळून. रडत नव्हती. कोट काढू का, असं विचारताना बोलते तशी बोलली.

गाउतेनं मागे बघितलं. सज्जा रिकामा.

आणि मग आतून तो बोलला. पोरीच्या शेजारून.

"मागच्या वेळी तू म्हणालास, थांब, किल्ली घेऊन येतो. मी थांबलो."

गाउतेनं किल्ली घातली. बसेना. उलटी घातली. बसेना. खांदा मारला. दार हललं नाही.

"आज आम्ही दोघं थांबतो. जा. किल्ली घेऊन ये."

खाली गाडीत पहार होती. दोन मिनिटांचं अंतर. मी असतो तर मीसुद्धा पळालो असतो, खरं सांगतो. गाउते पळाला. तीन पायऱ्या उतरला. तेवढ्यात मारित म्हणाली...

"पप्पा, तू परत येशील ना?"

तिथं थबकला तो. मला म्हणाला, ओडवार, तेव्हा कळलं. मागे कधी आग लागली तेव्हा त्या दाराशी थांब म्हणून किल्ली आणायला गेलेल्या माणसालाही आतून हेच विचारलं असेल. आणि तोही येतो म्हणालाच असेल. मनापासून म्हणाला असेल.

गाउते परत वर आला. दाराशी बसला. गुडघ्यांवर.

"मी जात नाही."

तो दाराच्या फटीशी वाकला.

"मी तो नाही. ऐकताय का? मी तुम्हाला ओळखत नाही. आपण कधी भेटलोच नाही. खोटं बोललो मी. लाज वाटली म्हणून. माझी चूक झाली... माझ्या पोरीला सोडा. पाया पडतो तुमच्या."

काही नाही.

पन्हळ गळत होती.

मग आतून, हळू...

"मग तो कुठाय?"

गाउते म्हणाला, "माहीत नाही."

"येईल?"

आता इथं आणखी एक थाप मारणं सोपं होतं. येईल हो, येईल, म्हणून टाकायचं. आपण सगळे म्हणतो, आजारी माणसाला म्हणतो, कुणालाही म्हणतो. गाउतेच्या जिभेवर आलं होतं. त्यानं ओठ चावले. गप्प राहिला.



दार उघडलं.

मारित बाहेर आली. पायात नुसते मोजे. गाल लाल, केस घामानं चिकटलेले. एक ओरखडा नाही. गाउतेनं तिला उचललं आणि तो मागे न बघता जिन्याकडे सुटला. बरगड्या राहिल्या, बूट राहिले, किल्लीसुद्धा तिथंच पडली. पळता पळता मागून ऐकू आलं. राग नव्हता त्यात. घरी आलेल्या पाहुण्याला दारापर्यंत सोडताना म्हणतो ना आपण, तसं.

"आज भेट झाली. आभार."

अर्ध्या तासानं दोघं माझ्या स्वयंपाकघरात होते. पोरगी माझ्या बायकोच्या मांडीवर झोपली, आणि हा कपाला हात लावून बसला होता. मी त्याला म्हटलं, अरे, सुटलास ना? खरं बोललास आणि सुटलास. त्यानं माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "ओडवार, तेव्हा ते खरं होतं. कधी भेटलो नाही, हे तेव्हा खरं होतं. आता?"



दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मी एकटा वर गेलो. हसू नकोस स्यूर, खिशात हातोडी घेऊन गेलो. दार बंद होतं. सातच्या सात खिळे जागेवर, रंगाला साधी चीरसुद्धा नाही. दाराबाहेर बूट होता. एकच. डाव्या पायाचा. दुसऱ्यासाठी मी सगळा माळा, जिना, गल्ली पालथी घातली. नाही तो नाहीच. मी तो डावा उचलला, आत पाणी साचलंय का म्हणून हात घातला. रात्रभर त्या सज्ज्यात तीन अंश थंडी होती... आणि आत ऊब होती. आत्ताच कुणी पाय काढून घेतला असावा तशी.

गाउतेला मी ते सांगितलं नाही. बूट चुलीत घातला, याच चुलीत, आणि घरी गेलो. गाउते महिन्याच्या आत सामान बांधून हामारला गेला, जिथं समुद्र दिसत नाही. पुन्हा या धक्क्यावर फिरकला नाही. त्या नाताळला त्यांनी मासे खाल्ले म्हणे.

आज हे का सांगतोय? सांगतो. मारित आता एकोणीस वर्षांची आहे. परवा तिचा फोन आला. मैत्रिणींबरोबर येतेय, जुना धक्का बघायला, फोटो काढायला. उद्या. तारीख बघा, उद्या बावीस. मी गाउतेला फोन केला, अरे, अडव तिला. तो म्हणाला, सांगून थकलो, तिकिटं काढून बसलीय. मग मी तिलाच म्हटलं, बरं बाई, ये. पण एक ऐक. कुणी अनोळखी माणूस पुढे येऊन आभार मानायला लागला, तर सभ्यपणा गेला खड्ड्यात. सरळ सांगायचं, मी तुम्हाला ओळखत नाही. तुझा बाप तेवढ्यावर वाचला.

पोरगी म्हणाली, "पण ओडवार, ते खोटं होईल ना? मी भेटलेय त्याला."

...

कॉफी घ्या. थंड होतेय.

तुवा, हा बूट तुला कुठं सापडला म्हणालीस? जिन्याच्या पायाशी. बरोबर. आणि चवडा कुठल्या बाजूला होता? ... वरच्या बाजूला. म्हणजे येणाऱ्यानं सरळ पाय घालावा आणि जिना चढावा, असा. तो जिना आज सकाळी मी स्वतः झाडलाय. तिथं काही नव्हतं.

उजव्या पायाचा आहे. बघ, तळाला आकडा आहे, एकोणतीस. मारितचा.

आत हात घाल.

घाल गं. चावत नाही तो.

...

हो. डावाही असाच होता.