पाचव्या फिल्मवरचा भंडारा

“चोरी झाली, साहेब. माह्या बायकोची फाईल चोरली.”

ठाण्यातले दोन शिपाई फिस्सकन हसले. एक म्हणाला, “सोनं न्हाई, मोटारसायकल न्हाई, अन् फाईल?”

जमादार नेमसिंग राठोड हसला नाही. समोरच्या माणसाच्या कपड्यांना मेंढरांचा वास येत होता. तो सेनगावकडच्या एका वस्तीवरून आला होता आणि त्याचं नाव होतं बजरंग. डोळे रडून नाही, जागून लाल झालेले.

“कसली फाईल?”

“डोक्याच्या फोटोंची. मोठ्या मशीनवर काढलेल्या. राधिकाच्या डोक्यात गाठ हाय.”

नेमसिंगनं पेन खाली ठेवलं. अकरा महिन्यांपूर्वी त्याची पद्मा अशाच गाठीनं गेली होती. सहा महिने थांबून बघू, असं तिलाही सांगितलं होतं. ती चौथ्याच महिन्यात गेली. चूक कुणाची होती की कुणाचीच नव्हती, हे त्याला कधी कळलं नाही. पोलिसात हयात घालवून त्यानं डॉक्टरांना एकही प्रश्न विचारला नव्हता. त्या गोष्टीचा राग त्याला अजून स्वतःचाच यायचा.

“बस. पहिल्यापासून सांग.”

बजरंगनं सांगितलं ते असं. तीन महिन्यांपूर्वी राधिकाला झटके आले. हिंगोलीत डॉक्टर सुकळीकरांच्या दवाखान्यात नवीन मशीन आलेलं. सोमवारी फोटो काढले. चार फिल्म काळ्या-पांढऱ्या, पाचवी रंगीत. गुरुवारी डोक्याला छिद्र पाडून सुईनं गाठीचा तुकडा काढला. अहवाल आला, गाठ सौम्य आहे. गोळ्या घ्या, सहा महिन्यांनी या.

“पण आता तिचा उजवा हात वर होत न्हाई, साहेब. बोलता बोलता शब्द सापडत न्हाई. म्हणून म्हणलं, नांदेडला दाखवावं. डॉक्टरची चिठ्ठी पायजे म्हणून काल सकाळी खिडकीत फाईल दिली. दुपारी मागाया गेलो तर म्हणतेत, तुमी दिलीच न्हाई.”

नेमसिंगनं दवाखान्यात फोन लावला. “पोलीस ठाण्यातून बोलतोय,” एवढंच म्हणाला. पाऊण तासात तिकडून उलटा फोन आला. फाईल कपाटामागं पडली होती, सापडली.

“मिटली केस,” शिपाई म्हणाला.

“पोलिसांचं नाव काढल्यावर जी सापडती ती हरवलेली नसती,” नेमसिंग म्हणाला आणि टोपी उचलली.

दवाखान्याच्या खिडकीत शिवकन्या नावाची मुलगी बसलेली होती.

“काल यांची फाईल कुणी घेतली?”

“मीच घेतली. ट्रेमध्ये ठेवली.”

“मग दिलीच न्हाई, असं काहून सांगितलं?”

तिनं डॉक्टरांच्या दाराकडं पाहिलं. “ट्रेमध्ये दिसली नाही म्हणून.”

“ट्रेमधले कागद कोण उचलतं?”

“वॉर्डबॉय मामा उचलतात, सुरज उचलतो, डॉक्टरसाहेबही उचलतात. कोणीपण.”

“काल मशीनवर कोण होतं?”

“कोणी नाही. सुरजचा साखरपुडा होता कळमनुरीला. खोली बंद होती.”

“किल्ली?”

“एक सुरजकडं, एक साहेबांकडं.”

सुरज म्हणजे मशीन चालवणारा पोरगा. बोटात नवी अंगठी. प्रश्न ऐकून तो घाबरला, मग चिडला.

“जमादारसाहेब, काल सासऱ्यानं फेटा बांधून मला दिवसभर खुर्चीत बसवून ठेवलं होतं. लघवीला जायचं तरी दोन मेव्हणे सोबत येऊन राहिले. मी कुठून फाईल चोरू?”

डॉक्टर सुकळीकरांनी चहा मागवला. माणूस गोड बोलणारा. भिंतीवर सत्काराचे फोटो होते.

“फाईल मिळाली. पाचही फिल्म आहेत, मोजून घ्या.” त्यांनी रंगीत फिल्म भिंतीवरच्या उजेडाच्या पाटीवर लावली. “हा गाठीचा नकाशा. निळं-हिरवं म्हणजे शांत भाग. लाल म्हणजे भडकलेला. इथं लाल कुठं दिसतंय का? गाठ सगळीकडं सारखीच आहे. म्हणून सुई पुढून घातली, सोप्या जागी. मागं बोलण्याचं केंद्र असतं, तिथं धोका कशाला घ्यायचा?”

“मग हात काहून वर होत न्हाई?”

“सूज असते. उतरेल.”

प्रत्येक फिल्मच्या खालच्या कोपऱ्यात पिवळा डाग होता. नेमसिंगनं बोट दाखवलं. “हे काय?”

डॉक्टर हसले. “भंडारा. इतकं महागडं मशीन आणून नकाशा काढायचा, आणि ही मंडळी तो खंडोबाला दाखवून त्याला हळद फासणार. काय बोलायचं यांना?”

बजरंगनं मान खाली घातली. नेमसिंगनं एकेका डागावरून अंगठा फिरवला. चार फिल्मवरचा पिवळेपणा बोटाला आला. पाचवीवरचा आला नाही. त्यानं चहाला हातही लावला नाही. फाईल घेतली आणि बाहेर पडला.

पद्माचे फोटो ज्यांनी वाचले होते त्या नांदेडच्या डॉक्टर करुणांना त्यानं पाचही फिल्मचे फोटो मोबाईलवर पाठवले, सोबत अहवाल आणि राधिकाच्या हाताचंही लिहिलं. थोड्या वेळानं त्यांचाच फोन आला.

“जमादार, तुम्ही शेत पाहिलंय ना? एकाच वावरात इकडं काळी जमीन असते, तिकडं मुरूम, मध्येच पाणी साचलेलं चिबड. माती तपासायला बांधाजवळची एक मूठ नेली तर सगळ्या वावराचं कळतं का?”

“न्हाई.”

“गाठीचंही तसंच असतं. एक भाग झोपलेला, शेजारचा पेटलेला. कुठं रक्त जोरात धावतंय, कुठं पेशी दाट झाल्यात, ते या नकाशात दिसतं. सुई सगळ्यात वाईट जागी घालायची असते. चांगल्या जागी घातली तर अहवाल चांगलाच येणार.”

“पण या नकाशात लाल न्हाईच.”

“तेच कळत नाही. नकाशा खरा असेल तर अहवाल खरा. पण बाईचा हात सांगतोय की दोन्ही खोटे आहेत. तिला उद्याच माझ्याकडं पाठवा. आज काहीतरी करता येईल. पंधरा दिवसांनी काय सांगू, ते मला माहीत नाही.”

नेमसिंगनं फोन खिशात ठेवला. वावराची ही गोष्ट पद्मा जिवंत असताना त्यानं का विचारली नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडला जाणारी जीप दवाखान्यासमोर थांबली. राधिका पुढच्या सीटवर बसून राहिली. नेमसिंगनं बजरंगला आणि त्याच्या आईला, जनकाबाईला, आत नेलं. डॉक्टर, शिवकन्या आणि सुरज यांनाही त्याच खोलीत बोलावलं. दारात शिपाई उभा केला. हा काल हसणाऱ्यांतलाच एक.

“मला पेशंट बघायचे आहेत,” डॉक्टर म्हणाले.

“बघा की. आधी हे पाच बघा.” त्यानं टेबलावर फिल्म मांडल्या आणि खिशातून चुन्याची डबी काढली. “जनकामाय, हळदीला चुना लावला की काय होतं?”

“कुंकू. लेकराला बी ठावं हाय.”

नेमसिंगनं बोटावर ओला चुना घेतला आणि पहिल्या फिल्मच्या डागावर घासला. डाग लाल झाला. दुसरा लाल झाला. तिसरा, चौथा. पाचव्या डागावर त्यानं चुना घासला आणि हात काढला.

डाग लाल झाला नाही. विरघळून नाहीसाच झाला.

शिवकन्याच्या तोंडून निघून गेलं, “हे तर आयोडीन. जखमेचं औषध. ड्रेसिंगच्या कपड्यावर चुन्याचा हात लागला की डाग असाच जातो.”

“म्हणजे ही फिल्म खंडोबाच्या पायरीवर गेलीच न्हाई. मागून छापली. बाकीच्या चारींसारखी दिसावी म्हणून कोपऱ्यात पिवळं लावलं. ज्यानं लावलं त्याच्या हाताशी हळद नव्हती, दवाखान्याचं औषध होतं. न्हाई तर डाग असा गेलाच नसता.” नेमसिंग म्हातारीकडं वळला. “माय, हे मी अजून तुमाला विचारलं न्हाई. त्या रंगीत फिल्मला तुमी भंडारा कुठं लावला होता?”

जनकाबाईनं लेकाकडं चोरून पाहिलं. “सुई घालायच्या आदल्या दिशी ह्यो म्हणला, कोपऱ्याला लाव, डाक्टर रागावतील. चारीला लावला कोपऱ्याला. पर त्या रंगाच्या कागदात एक लालभडक होतं, पिकल्या मिरचीवानी, मागल्या अंगाला. ह्यो चप्पल काढाया गेला, तवा म्या तिथंच बोट टेकवलं. म्हणलं, देवा, येवढं इझव.”

मग बजरंग म्हणाला, “आये, मला काहून न्हाई सांगितलं?”

“तू रागावला असतास.”

नेमसिंगनं आवाज चढवला नाही. “लाल होतं. गुरुवारी सुई घालायच्या आधी ते या घराच्या हातात होतं, आणि सुई घातली त्या दिवशी तुमच्या टेबलावर होतं. माझ्यासमोर तुमी म्हणालात, लाल न्हाई म्हणून सुई सोप्या जागी घातली. खरी फिल्म तीन महिने या लोकांच्या घरी पडून होती. त्यांना ती वाचता येत नव्हती, म्हणून तुमी निवांत होतात. नांदेडचं नाव निघालं, तवाच फाईल हरवली. तिकडं ती वाचणारं माणूस होतं. परवा, फाईल हरवली त्या दिवशी, मशीनची खोली बंद. दोन किल्ल्या. एक फेटा बांधून कळमनुरीत बसलेली. दुसरी कुठं होती, डॉक्टर?”

“हे सगळे अंदाज आहेत,” डॉक्टर म्हणाले. “रेकॉर्ड बघा. कॉम्प्युटरमध्ये तोच नकाशा आहे.”

सुरज इतका वेळ भिंतीला टेकून होता. तो खाली बघत म्हणाला, “साहेब, टेबलावरच्या कॉम्प्युटरमधलं तुम्ही बदललं असेल. मशीनच्या पोटात मूळ माल राहतो. तो दर महिन्याला पुसायचा असतो. मी कंटाळा केला.”

“सुरज!”

“मला उद्या संसार मांडायचाय, साहेब. माझ्या अंगावर हे नको.”

तो नेमसिंगसोबत मशीनच्या खोलीत गेला आणि नकाशा पडद्यावर आणला. राधिकाचं नाव, तिचीच तारीख. निळ्या-हिरव्याच्या मागच्या बाजूला अंगठ्याएवढा लाल भाग. सुई गेली होती ती जागा त्याच्यापासून चार बोटं पुढं होती.

डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. आता त्यांचा आवाज गोड नव्हता. “त्या दिवशी पाच ऑपरेशनं होती. मी फिल्मचं पाकीट उघडलंच नाही. सोपी जागा घेतली. आठ दिवसांनी अहवाल सौम्य आला, तेव्हा कॉम्प्युटरवर नकाशा पाहिला.”

“आठ दिवसांनी. म्हणजे तवापासून तुमाला ठाऊक होतं.”

“बोलावून काय सांगणार होतो? माझं चुकलं, परत डोकं उघडू? आणि जमादार, असल्या गाठीत माणूस वाचत नसतो. तीन महिन्यांनी असा काय फरक पडणार होता?”

नेमसिंगची मूठ वळली. शिपायानं ती पाहिली आणि पुढं सरकला. नेमसिंगनं मूठ उघडली, ती उघडायला त्याला वेळ लागला.

“तीन महिन्यांत बाई आपल्या हातानं जेवती,” तो म्हणाला. “लेकराला नावानं हाक मारती. नवऱ्याला कुठं काय ठेवलंय ते सांगून ठेवती. तुमी चुकलात, ते मी समजलो असतो. चुकतंय माणूस. तुमी ते झाकून ठेवलंत अन् ती रोज तुमच्या गोळ्या खाऊन वाट बघत बसली.” तो शिपायाकडं वळला. “मोठे साहेब येऊन राहिलेत. तवर ह्यांना या खोलीला हात लावू देऊ नको. आता हस.”

शिपाई हसला नाही.

सुरजनं खरी फिल्म छापली. ती घेऊन नेमसिंग जीपजवळ गेला. काच खाली होती. राधिकानं डाव्या हातानं उजवा हात मांडीवर धरून ठेवला होता.

“जमादार,” ती म्हणाली. शब्द जुळवायला तिला थांबावं लागलं. “हे सगळे... माह्यापासून लपवून राहिलेत. तुमी सांगा. खरं सांगा.”

मागून बजरंग मानेनं नको नको म्हणत होता. नेमसिंगनं त्याच्याकडं पाहिलं आणि मग तिच्याकडं.

“गाठ सौम्य न्हाई, बाई. एक भाग लई वाईट हाय. सुई तिथं गेलीच न्हाई. नांदेडला आता तिथं घालतील. पुढं काय होईल ते त्यांना बी आज माहीत न्हाई.”

तिनं त्याच्या हातातल्या फिल्मवरचा लाल भाग पाहिला. मग तिनं डाव्या हातानं आपल्या बाजूच्या दारावर थाप मारली.

“कळलं न्हवं आता? मंग... गाडी काढा की. उभे काहून?”